बेडणीएवढं अंतर

भिकी. वय साठ (अंदाजे). ८४.

"आजी, परत लाव. बोट नीट आत घाल."

"घातला की गं बाय. आता काय कोपरापत्तुर घालू?"

"हात हलवू नको."

"हात नाय हलत. मीच हलतंय."

बांबूच्या अलीकडच्या टोकाला रूपी उभी होती. पलीकडच्या टोकाला चिकू झेलायची जाळी होती आणि त्या जाळीतून ऑक्सिजन मोजायचं मशीन भिकीच्या ओट्यापर्यंत पोचलं होतं. मध्ये बारा फूट अंगण. अंगणात जांभळीची फांदी आडवी टाकलेली. फांदी पडली की त्या घरात ताप आहे, पुढे जायचं नाही, हे पाड्यातल्या रांगत्या पोरांनाही कळायला लागलं होतं. भिकीने मशीन बोटाला लावून हात वर धरला. लाल आकडा लुकलुकला, गेला, परत आला.

८४.

रूपीच्या मागे कुडापाशी सात-आठ माणसं बघत उभी होती. पाचोळा वाजला. सगळी एकदम एक पाऊल मागे सरली होती.

रूपीला मागे सरता आलं नाही. तिच्या हातात बांबू होता.

आशाताई शितल फोनवर जे म्हणाली ते, जसंच्या तसं

"हे बघ रूपी, मला स्वतःला ताप आहे, मी पंधरा दिवस तरी घराबाहेर पडू शकत नाही. आशाताई आजारी पडली तर पाड्याने काय करायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं नाही. तू सातवी शिकलीस. आकडे येतात. मशीन पिशवीत आहे, पिशवी दारावर लावली आहे, मी आत गेल्यावर घे. रोज सकाळी ज्या घरात ताप आहे तिथे जा. बोटाला लाव. लिही. पंच्याण्णवच्या खाली आलं तर मला फोन. नव्वदच्या खाली आलं तर फोन नको, सरळ गाडी. समजलं? घाबरू नको. म्हणजे घाबर. पण जा."

बेडणी कोणाची

ही युक्ती पांड्याची.

पांड्या म्हणजे रूपीच्या नवऱ्याचा, रघ्याचा, मोठा भाऊ. डहाणूकडच्या तात्यांच्या वाडीत तो तीस वर्षं चिकू काढत होता. लांब बांबू, टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळीची झोळी, तिला बेडणी म्हणतात. फळाखाली झोळी न्यायची, मनगटाला एक हिसका द्यायचा, चिकू झोळीत. खाली पडला तर डाग लागतो, डाग लागला तर पेटीत जात नाही. पांड्याच्या हातून वर्षाला चार चिकूही पडत नसत. झाडाखाली उभा राहून तो नुसतं वर बघायचा आणि कुठला तयार, कुठला कच्चा ते सांगायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाड्यात पहिली फांदी पडली. त्या घरात भाकरी कोणी न्यायची यावर वाद झाला, तेव्हा पांड्या उठला, घरून बेडणी घेऊन आला, झोळीत भाकऱ्यांचं फडकं ठेवलं आणि कुडावरून अलगद आत सोडलं.

"घ्या," तो म्हणाला. "चिकूला हात लागला तर चिकू नासतो. आता माणूसपण तसाच झाला."

लोक हसले होते. त्या दिवसांत हसायला तेवढंच मिळालं. नंतर औषध, साखर, मोबाईलचा चार्जर, सगळं बेडणीनेच जाऊ लागलं. रूपीकडे मशीन आलं तेव्हा पांड्याने आपली सगळ्यात हलकी बेडणी तिला दिली.

"ही ठेव. वजनाला कमी हाय. आन बघ रूपे, मशीन पाडू नको. चिकू पडला तर तात्या वरडंल, मशीन पडला तर अख्खा पाडा."

रघ्याला हे काही पसंत नव्हतं.

"तूच कशाला?" तो रोज विचारायचा.

"दुसरा कोण हाय?"

"नसू दे कोण. आपल्या घरात दोन पोरं हायेत."

रूपी परत आली की घरामागे अंघोळ करायची, लुगडं उकळत्या पाण्यात टाकायची, पोरांना जवळ घ्यायची नाही. धाकटी मुलगी दारात बसून रडायची आणि रूपी चार हातांवरून तिला गोष्ट सांगायची. गोष्ट सांगताना आपल्याच श्वासाकडे तिचं लक्ष असायचं. एक, दोन, तीन. अजून नीट चालला आहे. खोकला आला की ती तो गिळायची, रघ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. रघ्याने मात्र एक केलं होतं. ती जाते हे थांबवता येत नाही म्हटल्यावर तो रोज सकाळी तिच्या मागे पंधरा पावलांवर चालत यायचा. एवढंच.

चौऱ्याऐंशीचं पुढे काय झालं

धनेशचा टेम्पो. चिकूच्या रिकाम्या पेट्या खाली उतरवल्या, गोणपाटं अंथरली, भिकीला त्यावर निजवलं. रूपी मागे, टोकाला बसली. हायवेला गुजरात सीमेवरच्या अच्छाडकडून येणाऱ्या ट्रकांची रांग तुटत नव्हती. धनेशने खिडक्या बंद करून घेतल्या होत्या आणि एक हात सारखा तोंडावरच्या रुमालावर.

"मी मेलं का गं?" भिकीने विचारलं.

"नाय आजी."

"मग गोणपाटात कशाला घातला?"

तापाचं सेंटर एका शाळेत होतं. व्हरांड्यात माणसं बाकांवर, माणसं जमिनीवर, एक माणूस भिंतीला टेकून उभा आणि त्याच्या बाजूला सिलिंडर, जणू दोघं रांगेत. पांढऱ्या पोशाखातली नर्स आली. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. तिने भिकीचा हात उचलला आणि बोटं बघितली.

"हे काय लावलंय?"

"चीक," भिकी म्हणाली.

"काय काम करता?"

"चिकू."

चिकू देठापासून तुटला की दुधासारखा चीक गळतो. बोटांना चिकटतो, उन्हात वाळतो, काळा पडतो. नखांच्या कडांत, बोटांच्या पेरांत जाऊन बसतो आणि साबणाला दाद देत नाही. वाडीत काम करणाऱ्या कोणाचीही बोटं बघा, डांबरात बुडवून काढल्यासारखी. भिकी तर पंचेचाळीस वर्षं चिकू निवडत होती.

नर्सने कापूस भिजवून एक बोट घासलं. परत घासलं. बराच वेळ घासलं. मग अंगठ्याने नख दाबून धरलं, सोडलं. नख पांढरं झालं आणि लगेच गुलाबी. तिने आपलं मशीन लावलं.

९७.

"बाई, हात धुऊन आणत जा पेशंटचे," तिचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "इथे खऱ्या पेशंटला टेकायला जागा नाही."

बाकावरचं कोणीतरी हसलं. सिलिंडरवाला माणूस हसला नाही. तो भिकीकडे बघत होता, आणि ती उठून चालायला लागली तशी त्याची नजर तिच्या पायांमागे दारापर्यंत गेली.

पाड्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. भिकीने प्रत्येक घरासमोर उभं राहून गोष्ट सांगितली आणि प्रत्येक वेळी सिलिंडर मोठा होत गेला. "मी मेलं नाय म्हणून शिव्या खाल्ल्या," ती म्हणायची. धनेश रूपीला दिसला की ओरडायचा, "वहिनी, आज कोणाला मारायला न्यायचा?"

रूपी हसायची. पण 'खऱ्या पेशंटला' हा शब्द तिच्या मनातून जात नव्हता.

चीक = १०

हे तिने वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलं.

आधी तिने स्वतःचं बोट बघितलं. तीही वाडीत निवडायला जायची, तिचीही बोटं काळी. मशीन म्हणालं, ८८. मग तिने बाटलीच्या तळाशी उरलेलं घासलेट फडक्यावर घेतलं आणि तेच बोट सोलवटेपर्यंत घासलं. ९८. तिने दुसरं बोट बघितलं, धाकट्या जावेचं बघितलं. कुठे नऊ, कुठे अकरा. दहा धरले.

तिला बरं वाटलं. ताप सुरू झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी कळलं असं वाटलं. आता प्रत्येक घरात घासलेट नेऊन बोटं घासायला नकोत. घासायची तर जवळ जायला हवं, हात धरायला हवा. दहा मिळवले की झालं. बारा फुटांवरून मिळवता येतात.

पांड्या. वय ५०. ८७ + १० = ९७. चीक.

ही नोंद सोमवारची.

सकाळी बायजीने, पांड्याच्या बायकोने, स्वतःच्या हाताने दारात फांदी टाकली. रूपी आली तेव्हा पांड्या उंबऱ्यावर बसला होता, गळ्यात टॉवेल, डोळे लाल, तोंडावर तेच हसू.

"आली डॉक्टरीण."

"कसा वाटतो दादा?"

"वाटतो म्हणजे, ताप हाय. ताप सगल्यांना हाय. तात्याच्या कुत्र्यालापण हाय."

बेडणी पुढे गेली. पांड्याने झोळीतून मशीन घेतलं, बोटाला लावलं, हात वर केला. त्याचं अर्धं अंग दाराच्या सावलीत होतं. आकडा तेवढा लाल.

"सत्त्याऐंशी," रूपी म्हणाली.

"चीक मिळव. तुझ्या वहीत हाय ना? भिकीआजी सांगत व्हती."

"दादा, जरा घासलेट लावून..."

"रूपे, मना सेंटरात जायाचा नाय." आता तो हसत नव्हता. "गेल्या आठवड्यात वरोरचा माणूस नेला. परत आला तो प्लास्टिकात. बायकोला तोंडपण दाखवला नाय. मी इथंच बरा. लिही, सत्त्याण्णव."

तिने लिहिलं. मागे पंधरा पावलांवर रघ्या उभा होता.

"काय हाय?" त्याने विचारलं.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली.

संध्याकाळी शितलचा फोन आला. कोण कसं आहे ते रूपीने एकेक सांगितलं. पांड्यादादा? सत्त्याण्णव. तिने सत्त्याऐंशी म्हटलं नाही. तिच्या लेखी तो आकडा खरा नव्हताच.

पांड्या. ८५ + १० =

मंगळवारी ती बेरीज पूर्ण लिहायची राहिली. मागून कोणीतरी हाक मारली म्हणून असेल, पेन अडलं म्हणून असेल. पंच्याण्णव. पंच्याण्णवला फोन करायचा नाही, पंच्याण्णवच्या खाली करायचा. ती काठावर उभी होती आणि काठ तिचा तिनेच आखला होता.

"घासली का बोटं?" तिने विचारलं.

"घासली. निघत नाय. तीस वर्षांचा चीक हाय हा, तुझ्या मशीनला काय कळणार?"

तो बोलताना मध्ये थांबला. वाक्याच्या मध्ये, जिथे कोणी थांबत नाही तिथे. 'तीस वर्षांचा' आणि 'चीक' यांच्या मध्ये. रूपीला ते ऐकू आलं.

"दाखव."

त्याने हात वर केला. दारातली सावली, बारा फूट. हात काळाच दिसला. सावलीत कोणाचाही हात काळा दिसतो.

इथे ती म्हणू शकली असती, थांब, मी येते. फांदी ओलांडायची होती. अंगणात कोंबडीची दोन पिल्लं होती, एक पालथी घातलेली बादली होती, बाकी काही नव्हतं. मोठ्या दिराचा हात धरायची आपल्यात रीत नाही, असं कारण तिने पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. रीत होतीच. पण त्या क्षणी तिला रीत आठवली नव्हती. तिला धाकटीचं तोंड आठवलं होतं, आणि प्लास्टिक, आणि आपल्या छातीत कफ भरल्यावर कसं वाटेल ते.

आणि सेंटरमधलं हसणंही.

"झाला ना?" मागून रघ्या म्हणाला. आत त्याचा सख्खा भाऊ होता आणि तोही पंधरा पावलं पुढे आला नाही. "चल."

ती चालायला लागली. मागून पांड्याची हाक आली.

"रूपे! बेडणीची जाळी सैल झाली. कडं आवळून घे."

पांड्या. ७९.

पुढे काही नाही. बेरीज नाही, चीक नाही.

बुधवारी दहा मिळवूनसुद्धा एकोणनव्वद होत होते. रूपीने बेडणी तिथेच टाकली आणि धनेशच्या घराकडे पळत सुटली. पळताना तिला कळलं की आपण सोमवारीच पळायला हवं होतं. तरी पळता पळताही ती चिकावर विश्वास ठेवून होती. मनात म्हणत होती, चीकच असेल, परत शिव्या बसतील, बसू देत, सगळे हसू देत, धनेशने जन्मभर चिडवू दे.

टेम्पो आला. पांड्या स्वतः चालत बाहेर आला. बायजी मागे गोधडी घेऊन. त्याने फांदी ओलांडली, क्षणभर थांबून पायाने ती नीट आडवी केली, मग टेम्पोकडे निघाला. माणसं कुडांच्या आड झाली. रूपी टेम्पोच्या मागच्या फळीपाशी होती, तिला हलायला वेळ मिळाला नाही. दोघांमध्ये दोन हात अंतर राहिलं असेल. चढण्यासाठी त्याने फळीचा लोखंडी दांडा धरला.

ऊन होतं. सावली नव्हती.

त्याची बोटं स्वच्छ होती.

तळवा काळा, मनगट काळं, आणि पाचही बोटं पेरापर्यंत घासून घासून लाल. नखांच्या कडा सोललेल्या. आणि ती नखं गुलाबी नव्हती. जांभळट, निळसर.

रूपी बोटांकडे बघत राहिली. मग तिने वर बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"घरातला घासलेट संपला गं," पांड्या म्हणाला. दम घेतला. "बायजीला... एक बाटली दे तुझ्यातली."

आणि चढला. कोणाचा हात न धरता.

शुक्रवार

फोन रघ्याच्या मोबाईलवर आला. तो घरामागे उभा राहून ऐकत होता. "हां," म्हणाला. "हां. हां." मग बराच वेळ मोबाईल कानालाच धरून उभा राहिला, पलीकडून फोन ठेवल्यावरही.

पांड्या पाड्यात परत आला नाही. जे झालं ते तिकडेच झालं. दोघांना लांबून बघू देतो म्हणाले, रघ्या एकटाच गेला. काय बघितलं ते त्याने सांगितलं नाही. आल्यावर त्याने अंघोळ केली, ओट्यावर बसला, आणि समोर खुंटीला अडकवलेली रूपीची वही काढली.

रघ्याला शब्द वाचता येत नव्हते. आकडे येत. पेट्यांवर आकडे असतात.

रूपी चुलीपाशी होती. पान उलटल्याचा आवाज तिने ऐकला. एक. दोन. मग आवाज थांबला. तिने मान वर केली नाही. तो ओरडेल, वही चुलीत टाकेल, तिला मारेल, भावाचं नाव घेऊन रडेल, यांतलं काहीही झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं. त्याने वही परत खुंटीला अडकवली. दोरी नीट गाठ मारून.

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. पोरांशी बोलायचा. तिच्याशी नाही. सकाळी ती निघाली की पंधरा पावलं मागे मात्र यायचा.

बायजी

पाच दिवसांनी बायजीला ताप आला.

रूपी बेडणी घेऊन अंगणाच्या कडेला पोचली. तीच फांदी, आता वाळलेली. तीच बादली. बायजी उंबऱ्यावर, त्याच जागी.

रूपीने बेडणी कुडाला टेकवून ठेवली.

एक फूट. काही झालं नाही.

दुसऱ्या फुटावर तिने तोंडावरचं फडकं परत घट्ट केलं. आधीच घट्ट होतं.

तिसऱ्या, चौथ्या फुटांचं तिला पुढे आठवलं नाही.

पाचव्यावर फांदी होती. पाय उचलला आणि तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मागे रघ्या होता. तो थांब म्हणेल असं तिला वाटलं. थांब म्हणावं असंही वाटलं. खूप वाटलं.

"लांब रहा गं," बायजी म्हणाली. "तुझी पोरं हायेत."

सहा. सात. पिल्लं पळाली. उरलेले फूट तिने मोजले नाहीत.

ती उंबऱ्यापाशी बसली. पिशवीतून घासलेटची बाटली काढली, फडकं काढलं आणि बायजीचा हात मांडीवर घेतला. हात भाजत होता. बायजीने तोंड दुसरीकडे फिरवलं, तिच्या अंगावर श्वास जाऊ नये म्हणून. रूपी एकच बोट घासत होती. डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं.

"तोपण असाच घासत व्हता," बायजी भिंतीशी बोलल्यासारखी बोलली. "सोमवारी तू गेल्यावर. मंगलवारीपण. बाटली रिकामी केली. मी बोलली, अवो, कातडा निघंल. तर बोलला, चीक जाऊ दे सगला, उद्या आकडा वर येल."

रूपीचा हात थांबला.

"मग बुधवारी मशीन लावला. आकडा उलट खाली आला. तू गेलीस, मग मना बोलला, मशीनच खोटा हाय."

फडकं काळं झालं होतं. रूपीने घडी बदलली आणि परत घासायला लागली. नख उघडं झालं. तिने ते अंगठ्याने दाबलं. पांढरं. सोडलं. गुलाबी यायला जरा वेळ लागला. तिने मशीन लावलं.

९१.

तिने तिथेच बसून शितलला फोन लावला. एका हातात बायजीचा हात तसाच.

"एक्याण्णव," ती म्हणाली. "धुतलेला. मी बघितला. मी जवळ हाय."

पलीकडून शितल म्हणाली, "गाडी बोलव."

बायजी नवव्या दिवशी परत आली. टेम्पोतून उतरली ती थेट आपल्या घरात गेली आणि आतून कडी लावली. नंतर बराच वेळ घरातून भांड्यांचा आवाज येत होता.

मेचा शेवट

शितल बरी होऊन आली. तिने वही चाळली, पहिली पानं वाचली. वही रूपीकडेच ठेवली. मशीनही.

रूपीने पुठ्ठ्याच्या आतलं 'चीक = १०' खोडलं नव्हतं. ते तसंच होतं. खाली तिने एवढंच लिहिलं होतं: जवळ जायचं.

वाडीत चिकू झाडावर पिकून गळायला लागले होते. तात्यांनी निरोप पाठवला, येणारे या. रूपीने घरोघर सांगून ठेवलं होतं की वाडीत जाताना एक बोट बांधून घ्यायचं, डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. त्या बोटाला चीक लागू द्यायचा नाही. कधी वेळ आली तर एक बोट तरी खरं बोलेल. भिकी म्हणाली, "आता या वयात अंगठी घालाया लावते." धनेश म्हणाला, "वहिनीनं सगल्यांशी साखरपुडा केला." पण बांधलं सगळ्यांनी. रूपीचं एक जुनं हिरवं लुगडं चिंध्या चिंध्या होऊन पाडाभर वाटलं गेलं. सकाळी माणसं निघाली की प्रत्येकाच्या हाताला एक हिरवं बोट दिसायचं.

रघ्याने बांधलं नव्हतं. तिनेही त्याला म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी तो निघायला म्हणून बाहेर पडला. खांद्यावर पांड्याची बेडणी होती, ती हलकी, कडं नव्याने आवळलेली. अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि उभा राहिला. बेडणी कुडाला टेकवली. परत आला.

रूपी ओट्यावर तांदूळ निवडत होती. त्याने खिशातून हिरवी चिंधी काढली, तिच्यापुढे धरली, आणि डावा हात पुढे केला.

तिने सूप बाजूला ठेवलं. चिंधी घेतली, बोटाभोवती एक वेढा दिला, दुसरा दिला. मग थांबली, वेढे उलगडले, आणि त्याचं नख अंगठ्याने दाबून धरलं.

सोडलं. नख पांढरं होतं.

तिने हात सोडला नाही. दोघं त्या नखाकडे बघत राहिले, गुलाबी यायची वाट बघत.